पावडरीतलं कोलॅजन आणि यकृतातलं कोलॅजन

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. यजमान ५४ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, दारू अजिबात नाही. गेल्या महिन्यात एका आरोग्य शिबिरात सकाळी पोहे-चहा घेऊन गेल्यावर त्यांचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, झाली. रिपोर्टवर ११.४ किलोपास्कल (कडकपणा), आयक्यूआर २.९ (मोजण्यांमधली तफावत), कॅप ३१८ (यकृतातल्या चरबीचा आकडा) आणि शेवटी ‘एफ३’ (फायब्रोसिसची तिसरी पायरी) असं लिहिलेलं आहे. रक्तात एसजीओटी ५८, एसजीपीटी ७१ (यकृताला इजा झाली की वाढणारे दोन आकडे), प्लेटलेट १.७८ लाख. ‘लिव्हरमध्ये फायब्रोसिस आहे, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या,’ एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. फायब्रोसिस म्हणजे कोलॅजन हे प्रथिन साठून यकृतात वण पडणं, हे ताईंनी घरी वाचलं आणि त्या हादरल्या. कारण यजमानांच्या गुडघ्यांसाठी दीड वर्ष त्या स्वतःच्या हाताने रोज दहा ग्रॅम कोलॅजन पावडर दुधात घालून देत होत्या. ‘हे माझ्यामुळे झालं का?’ असं त्या विचारतात. त्यांनी पावडर, मटणाचा पाया, अंडी, डाळीसुद्धा बंद केल्या आहेत. औषधाच्या दुकानात काम करणारा पुतण्या सेराटिओपेप्टिडेजच्या गोळ्या ‘वण विरघळवायला’ घ्या म्हणतो, शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा पाठवतात. वण पक्का झाला असेल तर आता काही उपयोग आहे का, आणि मधुमेही दिरांनाही हे होईल का, असे आणखी दोन प्रश्न आहेत.

ताई, तुमची झोप ज्या प्रश्नाने उडाली आहे त्याचं उत्तर आधी देते. नाही, हे तुमच्यामुळे झालेलं नाही.

कोलॅजन पावडर म्हणजे जनावरांच्या कातड्यातलं, हाडांतलं किंवा माशांच्या खवल्यांतलं कोलॅजन आधीच बारीक तोडून केलेली भुकटी. पोटात आणि आतड्यात ते आणखी तुटतं. रक्तात पोचतात ती सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे चिमुकले तुकडे. माळ तुटून मणी सांडावेत तसं. त्या मण्यांवर ‘मी कोलॅजनचा होतो’ असा शिक्का नसतो. यकृतात साठणारं कोलॅजन तिथल्याच पेशी आपल्या पोटात नव्याने विणतात. तीन धागे एकमेकांभोवती पिळले जातात, प्रत्येक धाग्यात दर तिसरा मणी ग्लायसिनचा, आणि तो पीळ टिकावा म्हणून क जीवनसत्त्व लागतं. विणून झालेली दोरी पेशी बाहेर सोडते. हे मणी डाळ, दूध, भात, अंडी यांतूनही मिळतात, शरीर स्वतःही बनवतं. म्हणजे या पेशींचं काम कच्च्या मालावाचून कधी अडत नाही. त्या विणायला का बसल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दुधाच्या पेल्यात सापडणार नाही.

म्हणून डाळी आणि अंडी आजच्या आज पुन्हा सुरू करा. प्रथिनं तोडल्याने वणातला एक धागाही कमी होत नाही, मांसपेशी मात्र झिजतात. मधुमेही माणसाच्या मांसपेशी म्हणजे रक्तातली साखर ओढून घेणारी मोठी जागा. ती घटली की साखर वाढते आणि यकृतावरचं ओझंही वाढतं. यजमानांना दिवसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, त्यांची किडनी ठीक असेल तर. (नऊ वर्षांच्या मधुमेहात क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा बघायचंच असतं. ते राहिलं असेल तर करून घ्या.) पाया महिन्यातून एखाद्या वेळी चालेल, फक्त वरची चरबी काढून टाका.

पावडरीच्या डब्यावरचं लेबल मात्र एकदा चष्मा लावून वाचा. नुसतं कोलॅजन आणि क जीवनसत्त्व असेल तर काळजी नाही. पण ‘सांध्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, मिरीच्या अर्कासोबत दिलेला हळदीचा तीव्र अर्क यातलं काही असतं, आणि या तिन्हींमुळे काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद वेगळी, तिला घाबरू नका. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस असलेली गोळी किंवा पावडर असेल तर ती बंदच करा. कारण पुढे येईल.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या समजुतीकडे येते, कारण बाकीच्या चुका तिच्यातून निघाल्या आहेत. वण म्हणजे यकृतात जमलेला मेलेला थर, भिंतीवर साचलेल्या खारासारखा, आणि तो खरवडून किंवा विरघळवून काढायचा, असं चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहे. तसं नसतं.

निरोगी यकृतातही कोलॅजन असतं. पेशींना धरून ठेवणारी, त्यांच्या बाहेरची एक नाजूक जाळी सगळीकडे पसरलेली असते. तिला मॅट्रिक्स म्हणतात. यकृतात रक्त ज्या बारीक वाटांनी झिरपतं त्यांच्या भिंतींना असंख्य छिद्रं असतात. भिंत आणि यकृताच्या पेशी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते, डिसची फट. या फटीत चौथ्या प्रकारचं कोलॅजन, लॅमिनिन अशा प्रथिनांची मलमलीसारखी विरळ जाळी असते. रक्तातलं अन्न, औषधं, विषारी पदार्थ तिच्यातून सहज गाळून पेशींपर्यंत पोचतात. त्याच फटीत ताऱ्याच्या आकाराच्या पेशी राहतात. १८७६ साली कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने त्या पहिल्यांदा टिपल्या. एरवी त्या शांत असतात, शरीरातल्या अ जीवनसत्त्वाचा बहुतेक साठा तेलाच्या थेंबांच्या रूपात सांभाळून बसतात.

चरबीने भरलेल्या यकृतपेशी मरू लागल्या, सूज आली, की या तारापेशींना हाक जाते. त्या आपले थेंब टाकून देतात, स्नायूसारख्या आकसू लागतात आणि पहिल्या व तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन भराभर विणू लागतात. (अ जीवनसत्त्वाचा अतिरेक दीर्घकाळ चालला तर याच पेशी बिघडतात आणि वण तयार होतो. म्हणून वरची सूचना.) मलमलीच्या जागी हळूहळू गोणपाट येतं. रक्तवाटांची छिद्रं बुजतात. पेशी जिवंत असते, रक्त दोन पावलांवर वाहत असतं, पण मधल्या गोणपाटातून देवाणघेवाण नीट होत नाही. सिरोसिसपर्यंत, म्हणजे वणाच्या शेवटच्या पायरीपर्यंत, गेलेल्या यकृतात हे मॅट्रिक्स निरोगी यकृताच्या सुमारे सहापट झालेलं असतं.

ही प्रथिनं नुसती पडून राहत नाहीत, पुढचा वण बनवायला ती स्वतः हातभार लावतात. हे कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे बाजारातली कुठली गोळी काय करू शकते आणि काय नाही, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

टीजीएफ-बीटा नावाचा एक रेणू आहे, तारापेशींना ‘विणा’ असा हुकूम देणारा. हा रेणू एका वेष्टनात गुंडाळून, बांधून मॅट्रिक्सवरच ठेवलेला असतो. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन वणात कोलॅजनच्याही आधी पसरतं आणि त्या गाठोड्याला टांगायला जागा देतं. पेशी आपल्या इंटेग्रिन नावाच्या आकड्यांनी ते गाठोडं ओढतात. आता असं बघा: खुंटी चिखलात रोवलेली असेल आणि तिला बांधलेलं गाठोडं तुम्ही ओढलंत, तर खुंटीच सरकते, गाठ तशीच राहते. खुंटी मुरमात घट्ट असेल तर गाठ सुटते. यकृत मऊ असतं तोवर पेशीने ओढूनही गाठोडं फारसं सुटत नाही. ते कडक झालं की त्याच ओढीत हुकूम मोकळा होतो. जास्त कोलॅजन, जास्त कडकपणा, जास्त हुकूम, आणखी कोलॅजन. प्रयोगशाळेत तारापेशी कडक प्लॅस्टिकच्या बशीत ठेवल्या की दुसरं काही न करताही त्या विणायला लागतात. यकृताइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर बऱ्याच शांत राहतात.

दुसरी गोष्ट टाक्यांची. लायसिल ऑक्सिडेज नावाचं तांब्यावर चालणारं विकर (एन्झाइम) कोलॅजनच्या शेजारशेजारच्या दोऱ्यांना आडवे टाके घालतं. नवा वण सैल विणीचा असतो. जुन्या वणात टाके दाट होतात, त्यात इलॅस्टिन मिसळतं, आणि मग तो तोडणाऱ्या विकरांना दाद देत नाही.

आणि तिसरी गोष्ट आशेची आहे. वण तोडायची हत्यारं यकृतात आधीपासून असतात. मॅट्रिक्स तोडणारी ही विकरं, एमएमपी, तिथल्याच पेशी बनवतात, त्यात साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेजचा मोठा वाटा. पण जाग्या झालेल्या तारापेशी टिम्प-१ नावाचं प्रथिन सोडून त्यांना कुलूप घालतात. कारण थांबलं, की यातल्या बऱ्याच तारापेशी मरतात, काही पुन्हा शांत होतात, कुलूप निघतं आणि यकृत आपलं आपण वण तोडू लागतं. उंदरांवरचा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. ज्यांचं पहिल्या प्रकारचं कोलॅजन विकराने तुटूच शकत नाही असे उंदीर तयार केले. त्यांना आणि साध्या उंदरांना विष देऊन यकृतात वण पाडला. विष द्यायचं थांबवल्यावर साध्या उंदरांची यकृतं सुधारली. या उंदरांचा वण तसाच राहिला आणि त्यांच्या तारापेशीही नीट मेल्या नाहीत. पेशी वणाला जगवते आणि वण पेशीला.

तेव्हा सेराटिओपेप्टिडेजबद्दल. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालेलं हे विकर आपल्याकडे सूज-दुखण्यासाठी सर्रास दिलं जातं. गिळल्यावर ते यकृतातल्या टाके घातलेल्या कोलॅजनपर्यंत पोचून तेवढंच कापेल, याला आधार नाही. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे तीस टक्के कोलॅजन असतं: हाडं, रक्तवाहिन्या, डोळ्याचा पारदर्शक पडदा. पोटातून जाऊन सगळीकडचं कोलॅजन खरंच विरघळवणारी गोळी असती तर तिला विष म्हणावं लागलं असतं. कोलॅजन कापणारं विकर औषध म्हणून आहे, पण ते तळहातातल्या आखडलेल्या दोरीत, नेमक्या त्या जागी इंजेक्शनने देतात. टाके घालणारं विकर अडवण्याचा सरळ प्रयत्नही होऊन गेला. सिमटुझुमॅब नावाचं औषध त्यासाठीच बनवलं होतं. फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत वण त्याने कमी झाला नाही. आत चरबी आणि सूज तशीच असताना नुसते टाके अडवून भागलं नाही. पुतण्याला रागावू नका, पण त्या गोळ्या परत द्या.

काकूंचा काढा मात्र लगेच थांबवा, आणि हे मी जोर देऊन सांगते. कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला तीव्र इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती, तरी त्यानंतर देशातल्या इतर रुग्णालयांतूनही अशा नोंदी आल्या. निरोगी माणसाने काय करावं हा वाद वेगळा. ज्याच्या यकृतात वण आहे त्याने रोज काढा घेण्याची जोखीम उचलू नये. काकूंना वाईट वाटू नये म्हणून ‘आता सगळे काढे बंद करायला सांगितलेत’ असं म्हणा, ते खोटंही नाही.

आता रिपोर्ट. ‘एफ३’ हे अक्षर यकृत डोळ्यांनी पाहून लिहिलेलं नाही. यंत्राने बरगड्यांमधून एक हलका धक्का दिला, त्याची लहर यकृतातून किती वेगाने गेली ते मोजलं, त्यावरून कडकपणा काढला आणि तक्त्यात बघून अक्षर छापलं. यंत्र कोलॅजन मोजत नाही, कडकपणा मोजतं. आणि कडकपणा वणाशिवायही वाढतो. जेवल्यावर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि आकडा फुगतो, म्हणून तपासणीआधी किमान तीन तास पोटात काही नको. तुमचे यजमान पोहे खाऊन गेले होते! हृदय कमजोर असून यकृतात रक्त तुंबलं असेल, पित्ताची वाट अडली असेल, किंवा कावीळ-हिपॅटायटिसमुळे एसजीपीटी कित्येक पटींनी चढलेलं असेल, तरीही आकडा खोटा चढतो. ही तीन कारणं यजमानांच्या बाबतीत दिसत नाहीत, ७१ ही वाढ माफक आहे.

मोजणी नीट झाली का हेही कागदावर कळतं. किमान दहा मोजण्या हव्यात, आणि आयक्यूआरला मधल्या आकड्याने भागून येणारी टक्केवारी ३० च्या आत हवी. तुमच्या कागदावर २.९ भागिले ११.४, म्हणजे सुमारे २५ टक्के. मोजणी चांगली होती, वेळ चुकीची होती. पोट सुटलेल्या माणसाला मोठा, एक्सएल प्रोब लागू शकतो. साधा प्रोब वापरला तर कडकपणा जास्त दिसण्याची शक्यता असते. कुठला वापरला ते कागदावर छापलेलं असतं.

माझं मत असं की, दोन-तीन आठवड्यांत रुग्णालयात उपाशीपोटी फायब्रोस्कॅन पुन्हा करा. आठच्या खाली आला तर पुढारलेला वण असण्याची शक्यता कमी. बाराच्या वर आला तर जास्त. आठ ते बारा हा धूसर पट्टा, आणि ११.४ त्यात बसतं. दुसरा पुरावा म्हणून रक्तातून निघणारा फिब-४ आकडा काढा, तो घरी कागदावर निघतो. वय गुणिले एसजीओटी: ५४ × ५८ = ३१३२. एसजीपीटीचं वर्गमूळ: ७१ चं ८.४३. त्याला प्लेटलेटने गुणा, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण आपल्या लॅबा प्लेटलेट लाखात लिहितात. १.७८ लाख म्हणजे सूत्रासाठी १७८. १७८ × ८.४३ म्हणजे सुमारे १५००. ३१३२ भागिले १५००, उत्तर २.०९. १.३ च्या खाली दिलासा, २.६७ च्या वर चिंता, यजमान मध्ये आहेत. (६५ वर्षांनंतर खालची मर्यादा २ धरतात, तरुणांत पस्तिशीआधी हा आकडा भरवशाचा नाही.) दोन्ही आकडे मध्येच अडकले आहेत, म्हणून तीन महिने वाट न बघता यकृततज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या झाल्या नसतील तर करून न्या. मधुमेह आणि चरबी आहे म्हणून कारण तेच, असं गृहीत धरलं की बी किंवा सी मागे लपून राहतो.

वण पक्का झाला का, हा तुमचा प्रश्न. ताजा वण आणि जुना वण यांत फरक आहे. चार आठवडे विष दिलेल्या उंदरांत ते थांबवल्यावर काही आठवड्यांत वण जवळजवळ निघून गेला. बारा आठवडे दिलेल्यांत वर्षभरानंतरही जाड, टाके घातलेल्या, इलॅस्टिन मिसळलेल्या भिंती काही प्रमाणात उरल्या. माणसांतही सुधारणा होते, फक्त ती वर्षांच्या हिशोबाने. हिपॅटायटिस बीवर पाच वर्षं टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध घेतलेल्या आणि आधी-नंतर बायोप्सी (यकृताचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) झालेल्या ३४८ रुग्णांपैकी ५१ टक्क्यांचा वण कमी झाला. सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७४ टक्के पाच वर्षांनी त्या पायरीवर नव्हते. यातल्या कुणालाही वण विरघळवणारं औषध दिलं नव्हतं. विषाणू दाबला, बाकीचं यकृताने केलं.

यजमानांच्या बाबतीत विषाणूच्या जागी आहे चरबी आणि साखर. क्युबात ५२ आठवडे आहार-व्यायामावर ठेवलेल्या २९३ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांनी वजनाचा दहावा हिस्सा किंवा जास्त उतरवला त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांचा वण बायोप्सीत मागे गेलेला दिसला. ८२ किलोंचा दहावा हिस्सा म्हणजे ८.२ किलो, मुक्काम ७४ च्या आसपास. आठवड्याला अर्धा किलोचा वेग धरा, चार-पाच महिने द्या. उपास करून महिन्यात सहा किलो उतरवायला जाऊ नका. फार झपाट्याने वजन पडलं तर यकृताची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडेही होतात, आणि उतरतं त्यात मांसपेशींचा वाटा मोठा असतो.

सुरुवात चहापासून करा. समजा दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज सुमारे ५० ग्रॅम साखर, आणि साखरेतला फ्रुक्टोजचा भाग यकृतात थेट चरबी बनवायला लागतो. गूळ घातला तरी तेच. फळांचा रस, सरबत, कोल्ड्रिंकही तसंच. फळ चावून खाल्लं तर चालेल. रात्रीच्या ताटात भात-पोळी दोन्ही नको, एक भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, भाजी, ताक. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर दिवसाला दोन-तीन कप खुशाल घेऊ द्या, कॉफी पिणाऱ्यांत यकृतातला वण कमी आढळतो. साखर कमी करताना किंवा जेवण घटवताना मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस तोच राहिला तर साखर अचानक पडू शकते, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर. आधी डॉक्टरांना फोन करा.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं. गुडघे दुखतात म्हणून जिने नको, सायकल किंवा सपाट रस्ता. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठण्याचे दहाचे तीन फेरे, मांडीचे स्नायू वाढले की गुडघाही सुधारतो. दुखणं असह्य झालं तर पॅरासिटॅमॉल, दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन दुकानातून उचलून घेऊ नका. आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर ‘लिव्हर खराब आहे’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. फॅटी लिव्हरच्या माणसाला हृदयविकाराचा धोका मोठा असतो, ती गोळी त्यासाठीच आहे.

औषधांबद्दल तज्ज्ञांना नावानिशी विचारा. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, ही दोन औषधं यकृतात सूज आणि मध्यम ते पुढारलेला वण असलेल्यांसाठी मान्य केली आहेत, सिरोसिस नसेल तर. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांनी ३६.८ टक्के लोकांचा वण सुधारला, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत २२.४ टक्के. फरक खरा आहे, पण सगळ्यांना गुण येत नाही हेही त्यात दिसतं. यजमानांना मधुमेह आहे, त्यामुळे मधुमेहाच्या औषधांतच हे बसवता येईल का, पायोग्लिटाझोन किंवा सॅरोग्लिटाझार योग्य ठरेल का, खर्च किती, हे विचारायला संकोच करू नका.

दर महिन्याला फायब्रोस्कॅन करू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत आकडा घसरला तर तो बहुतेक सूज आणि चरबी उतरल्यामुळे, कोलॅजन अजून जिथल्या तिथेच असतं. इथेच पुष्कळ घरांत ‘बरं झालं’ म्हणून जिलेबी परत येते. वण मागे गेला तरी शांत झालेल्या काही तारापेशींना जुनं काम आठवतं. पुन्हा इजा झाली तर त्या पहिल्यापेक्षा लवकर जाग्या होतात. वर्षाने, त्याच केंद्रात, उपाशीपोटी तपासा आणि वीस टक्क्यांपेक्षा कमी बदलाला बदल मानू नका. धास्ती घेऊन दिवस काढायची गरज नाही. सूज असलेल्या फॅटी लिव्हरमध्ये वणाची एक पायरी चढायला सरासरी सात वर्षं लागतात, काहींना बरीच कमी. मात्र पोट फुगणं, पायांवर सूज, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणं, दिवसा झोप-रात्री जाग आणि बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर तारीख न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दिरांचं विचारलंत. ते मधुमेही आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. कुटुंबात हा कल असतो, खाणं-पिणंही एकाच घरचं. त्यांनी शिबिराची वाट बघू नये. मधुमेहाच्या तपासणीच्या फायलीत एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे तीन आकडे बहुधा सापडतील, एकाच दिवशीचे असले तर उत्तम. वर यजमानांसाठी केलं तसंच गणित आज संध्याकाळी त्यांच्यासाठी मांडा, प्लेटलेट लाखातून हजारात आणायला विसरू नका, आणि उत्तर १.३ च्या वर आलं तर दोघा भावांची वेळ एकाच दिवशी घ्या.